‘फ्रॅजाइल साइट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : कर्करोगावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. गुणसूत्रांवरच्या ‘फ्रॅजाइल साइट’ला ‘ठिसूळ स्थळ’ लिहिलं, तर घरात हशा पिकला. कुणाचं लग्न मोडलं म्हणे! ‘भंगुर’ म्हटलं की कीर्तनात बसल्यासारखं वाटतं.

उत्तर : ‘स्थळ’ काढा, ‘जागा’ लिहा. पण ‘ठिसूळ’ही पटत नाही. ठिसूळ हाड म्हणजे सगळं हाडच तसं. इथे गुणसूत्र धडधाकट असतं. पेशी विभागण्याआधी डीएनएची नक्कल निघते. ती रखडली की ठरावीक जागीच काम अर्धवट राहतं आणि तिथे तुटतं. प्रयोगशाळेत नक्कल अडवणारं अफिडिकोलिन हे रसायन अगदी थोडं देतात. नक्कल मंदावते, थांबत नाही. मग रंगवलेल्या गुणसूत्रात मध्येच फिकट फट दिसते. घडीवर विरलेल्या साडीसारखी! फाटलेली नसते, पण उजेडाकडे धरली की आरपार दिसतं. म्हणून ‘विरलेली जागा’.

प्रश्नकर्ती : पण विरतं ते वापरून. या जागा तर सगळ्यांनाच जन्मापासून असतात ना?

उत्तर : खरंय, हरलो. नेहमीच्या जागा सगळ्यांना असतात. दुर्मीळ वेगळ्या : फ्रॅजाइल एक्स या आजारात डीएनएमधली सीजीजी ही तीन अक्षरं २००हून जास्त वेळा गिरवलेली असतात. तो आनुवंशिक आजार, त्याची कर्करोगाशी गल्लत नको. तुमच्या लेखात बहुधा तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरची एफआरए३बी नावाची नेहमीची जागा असेल. तिथे एफएचआयटी हे जनुक पसरलंय, १९९६ साली सापडलेलं. लांबी सुमारे १५ लाख अक्षरं आणि प्रथिन जेमतेम १४७ अमिनो आम्लांचं! गाठीला आवर घालणारं हे जनुक. फुप्फुसाच्या कर्करोगात त्याचे तुकडे अनेकदा गळालेले असतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही या विषाणूचा डीएनए याच भागात घुसलेलाही सापडलाय.

तिसरा : मग ‘कच्ची जागा’ का नको? कच्चा दुवा म्हणतोच की आपण. साखळी चांगली, एकच कडी कच्ची, आणि तीही ताण आल्यावर कळते. शिवाय ‘ठिसूळ’ वाचून उद्या कुणी विचारेल, माझी गुणसूत्रं ठिसूळ झालीत का, कॅल्शियम घेऊ का?

प्रश्नकर्ती : ‘कच्ची जागा’ घेते. विरलेली साडी त्या फटीच्या वर्णनात ठेवते, ती सोडवत नाही. फ्रॅजाइल एक्स तसंच राहू दे. डॉक्टरांच्या कागदावर तेच लिहिलेलं असतं.