मेडिक्लेम पॉलिसी बंद करून महात्मा फुले जन आरोग्य योजनेवर (सरकारची मोफत उपचारांची योजना) राहिलं तर चालेल का?

घाटकोपरकर_एन:
नमस्कार मंडळी, अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा. बाबा ६८, आई ६३, दोघांना बीपी, बाबांना शुगर पण. पॉलिसीचा रिन्यूअल आलाय आणि आकडा बघून बाबा म्हणतात बंद कर, रेशनकार्ड आहे ना, योजनेत होईल सगळं. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी काढला तेव्हा वाटलं आता परवडेल, पण वयामुळे प्रीमियमच एवढा चढलाय की तो फायदा कुठे गेला कळलंच नाही. माझा पगार ४२ हजार, त्यात घरभाडं, कंपनीच्या पॉलिसीत आईबाबा नाहीत आणि ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) २१ हजार पगारापर्यंतच. कार्ड पांढरं आहे, ते चालतं का?

परळवाली:
चालतं. जुलै २०२४ पासून पांढरं कार्डवाले पण आहेत आणि दीड लाखाचे ५ लाख झालेत. पण ते वर्षाला अख्ख्या कुटुंबाचे, माणशी नाहीत. माझ्या सासऱ्यांची बायपास योजनेतूनच झाली, ऑपरेशनचा एक रुपया घेतला नाही, ते उपकार आम्ही विसरणार नाही. पण त्याआधी महिनाभर स्पेशालिस्टची फी, टूडी एको, रक्ताच्या तपासण्या, सगळं खिशातून. आणि नंतरच्या गोळ्या तर आयुष्यभराच्या, रक्त पातळ करायची, कोलेस्ट्रॉलची, बीपीची, शुगरची. महिनाअखेरीला सासूबाई मेडिकलवाल्याला सांगायच्या, पूर्ण पत्ता नको, पाचच कापून द्या. मग जनऔषधीतून घ्यायला लागलो तेव्हा कुठे जमायला लागलं. कार्ड ऍडमिट झाल्यावर कामाला येतं हो, बीपी-शुगरच्या माणसाचा खर्च ऍडमिट न होताच चालू असतो त्याचं काय?

गिरगावकर_७८:
ताई, ओपीडी तर बहुतेक प्रायव्हेट पॉलिसीत पण नसते, मग तेवढे पैसे भरून काय मिळतं? केईएम, सायन, नायर आहेत ना आपल्याकडे. तोच प्रीमियम दर महिन्याला बाजूला टाका, औषधपाणी त्यातून निघेल.

वडाळा_सोशलवर्कर:
काका, रागावू नका पण हा सल्ला घातक आहे. मी हॉस्पिटलमध्ये रोज हेच बघते. लोक कार्ड घेऊन येतात आणि कळतं की हे हॉस्पिटल योजनेतच नाही, किंवा आहे पण त्या आजारासाठी नाही, किंवा बेड नाही. योजनेत प्रत्येक उपचाराचे ठरलेले पॅकेज रेट परवडत नाहीत म्हणून बरीच मोठी हॉस्पिटलं लांबच राहतात, आणि अर्ध्या रात्री पेशंट घेऊन माणूस यादी शोधत कुठे कुठे फिरणार? धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के बेड मोफत आणि १० टक्के सवलतीत असतात, पण त्याला उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. दादा तुमचं वर्षाचं ५ लाखांवर जातं, म्हणजे तिथेही नाही. सत्तरीनंतर केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचं वय वंदना कार्ड उत्पन्न न बघता मिळतं, बाबांना अजून दोन वर्षं आहेत. नेमका हाच मधला काळ सरकारने उघडा टाकलाय, आणि याच वयात आजार सुरू होतात.
पॉलिसी मोडू नका. मोडली की नवीन घेताना जुन्या आजारांना ३ वर्षांपर्यंत वेटिंग लागू शकतं, म्हणजे तोवर त्यांचा क्लेम मिळत नाही. हीच पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता (हलवता) येते का बघा, नाहीतर बेस, म्हणजे मूळ पॉलिसीची रक्कम कमी करून वर सुपर टॉपअप (ठरलेल्या रकमेच्या वरचा खर्च देणारी पॉलिसी) घ्या. आणि जानेवारी २०२५ मध्ये आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी संस्था) सांगितलंय की साठीच्या पुढच्यांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी आयआरडीएआयशी बोलायचं, तेव्हा वाढ कशामुळे ते लेखी मागा. जवळचं कुठलं हॉस्पिटल कशासाठी योजनेत आहे ते योजनेच्या हेल्पलाइनवर, १५५३८८ वर आत्ताच विचारून ठेवा, त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) एकदा भेटून या.

घाटकोपरकर_एन:
खूप आभार ताई. वेटिंगचं वाचून दाखवल्यावर बाबा गप्प झाले. बेस कमी करून टॉपअपचा हिशोब मागवलाय, उद्या १५५३८८ वर फोन करतो. गोळ्यांचा खर्च मात्र कुठल्याच कार्डात बसत नाही, त्याबद्दल आमदार-नगरसेवकांना कोणी विचारलंय का? विचारायचं असेल तर मी येतो सोबत.

परळवाली:
मी पण येते.