काकरापारच्या मजुरीबद्दल

वर नवापूरच्या भाऊंनी विचारलंय की काकरापारच्या अणुवीज केंद्रात ठेकेदाराकडे मजुरीला जावं का. त्यावर कुणीतरी 'तिथं पाय ठेवला की कॅन्सर' असं लिहिलंय. माझा चुलत भाऊ शटडाउनच्या (अणुभट्टी बंद ठेवून केल्या जाणाऱ्या दुरुस्तीच्या) कामांना जातो, म्हणून सांगतो.

खोदकाम, रंगकाम, झाडलोट अशी बरीच मजुरी अणुभट्टीपासून लांबच असते. शटडाउनमध्ये आत जावं लागलं तर मात्र छातीवर टीएलडी बॅज (अंगावर किती किरणोत्सार पडला ते नोंदवणारा बिल्ला), सोबत लगेच आकडा दाखवणारा डोसीमीटर आणि बाहेर पडताना अंगाची तपासणी. भट्ट्या जड पाण्याच्या, त्यामुळे ट्रिटियमसाठी (त्या पाण्यात तयार होणारा किरणोत्सारी हायड्रोजन) लघवीचा नमुनाही घेतात. डोसची, म्हणजे अंगावर पडणाऱ्या किरणोत्साराची, मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही.

मला खरी काळजी वाटते ती नोंदींची. आपली पोरं आज इथं, उद्या तारापूरच्या, परवा रावतभाट्याच्या अणुवीज केंद्रात. दर वेळी ठेकेदार नवा. २००४ च्या किरणोत्सार संरक्षण नियमांप्रमाणे काम सुटताना डोसची नोंद मजुराला मिळायला हवी, आणि नव्या मालकाने जुनी नोंद मागवायला हवी. ती हक्काने मागा, भाऊ. आकडा वाढला तर काम बंद होईल या भीतीने बॅज काढून ठेवणं म्हणजे स्वतःच्याच जिवाशी खेळ आहे, ते कधीच करू नका.

आणि पीएफचा नंबर पहिल्याच महिन्यात घ्या, मुकादम 'नंतर बघू' म्हणाला तरी.