पॅरलल सर्व्हिसमध्ये प्रत्येक कॉन्ड्यूटमधल्या न्यूट्रलची साइज

तार_टेप: अमेरिकेतलं काम आहे, तिथला विद्युत नियमसंग्रह एनईसी २०२० लागू. ४०० अँपिअर, १२०/२४० व्होल्ट सिंगल फेज सर्व्हिस (वीज कंपनीकडून येणारी मुख्य जोडणी). स्टीलचे दोन कॉन्ड्यूट (वायरचे पाइप), प्रत्येकात ३/० साइजच्या कॉपरचे दोन फेज, दोन्ही पाइपमधल्या वायर टोकांना एकत्र जोडलेल्या, म्हणजे पॅरलल. कलम २२०.६१ प्रमाणे न्यूट्रलचा लोड ९० अँपिअर येतो, म्हणजे कॉन्ड्यूटमागे ४५. टेबल २५०.१०२(सी)(१) मध्ये ३/० समोर ४ एडब्ल्यूजी (अमेरिकन वायर साइज; ६, ४, २, १/०, २/०, ३/० अशी जाड होत जाते) दिलंय आणि ते ७५ डिग्रीला ८५ अँपिअर घेतं. तरी प्लॅन तपासणाऱ्याने ४ खोडून १/० लिहिलंय. का? आणि लोड एवढा कमी आहे तर एकाच कॉन्ड्यूटमधून एकच न्यूट्रल नेला तर?

लगपाना: तपासणाऱ्याचं बरोबर आहे. २५०.२४(सी)(२) म्हणतं की टेबल बघताना त्या एका कॉन्ड्यूटमधलेच फेज धरा, पण १/० च्या खाली जाऊ नका. तुम्ही पहिलं अर्धं वाचलंत. पॅरलल जोडणीला १/० ची किमान अट ३१०.१०(जी) मध्येही आहे.

तुमच्याच आकड्यांत बघा. दोनपैकी एका न्यूट्रलचा लग (वायर पकडणारा क्लॅम्प) सैल पडला, तर सगळे ९० अँपिअर दुसऱ्यावर येतात. ४ नंबरची मर्यादा ८५. लाइट चालू राहतात, ब्रेकर पडत नाही, वायर मात्र तापत राहते. १/० ७५ डिग्रीला १५० घेते.

फेज_न्यूट्रल: एकच न्यूट्रल नेणं चालणार नाही. ३००.३(बी) प्रमाणे एका सर्किटचे सगळे कंडक्टर एकाच कॉन्ड्यूटमधून जायला हवेत. पॅरलल असेल तर प्रत्येक कॉन्ड्यूटमध्ये पूर्ण संच. नाहीतर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडत नाही आणि स्टीलचा पाइप तापतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे फॉल्टचं, म्हणजे फेजची वायर पाइपला टेकली तर काय होतं त्याचं. सर्व्हिसच्या बाजूला फॉल्ट करंटला ट्रान्सफॉर्मरकडे परतायची वाट न्यूट्रलच असते आणि ट्रान्सफॉर्मरपर्यंत तुमचा कुठलाही ब्रेकर नसतो. म्हणूनच लोड शून्य असला तरी टेबलची किमान साइज सुटत नाही. ज्या पाइपमध्ये न्यूट्रल नाही, तिथल्या फॉल्टचा लूप मोठा होतो, इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) वाढतो आणि वरचा फ्यूज उडायला वेळ लागतो.

केसीमिल: मोठ्या सर्व्हिसला हीच गफलत उलट्या बाजूने होते. १२०० अँपिअर, ६०० केसीमिल कॉपरचे तीन संच घ्या (केसीमिल म्हणजे वायरच्या क्षेत्रफळाचं माप). तीन वेगळ्या कॉन्ड्यूटमध्ये असतील तर प्रत्येकात ६०० समोरचं १/०. तेच तीन संच एकाच वायरवेमधून (वायर नेण्याच्या लांब पेटीतून) नेलेत तर एकूण क्षेत्रफळ धरायचं: १८०० केसीमिल, ११०० च्या वर, म्हणून १२.५ टक्के, म्हणजे २२५ केसीमिल. १/० चे दोन घातले तर २११.२ च होतात, कमी पडतात. तीन घाला किंवा २५० चा एक.

हे झालं फॉल्टचं. लोड वेगळा तपासायचा आणि दोन्हींतली मोठी साइज घ्यायची. दोन संचांवर न्यूट्रल लोड ३५० अँपिअर आला, तर प्रत्येकी १७५, म्हणजे २/०. थ्री फेज वायमध्ये (तीन फेज आणि मध्ये न्यूट्रल अशा जोडणीत) नॉन-लिनिअर लोड (कॉम्प्युटरसारखी इलेक्ट्रॉनिक उपकरणं) असेल तर तेवढ्या भागाला २२०.६१ ची ७० टक्केच लोड धरण्याची सूट नाही, हे बरेच जण विसरतात.

तार_टेप: समजलं, दोन्हीकडे १/०. मग बॉन्डिंग बुशिंगचा जंपरही (स्टीलचा पाइप न्यूट्रलशी जोडणारी वायर) १/० का?

लगपाना: नाही. प्रत्येक कॉन्ड्यूटला स्वतंत्र जंपर असेल तर तो पॅरलल धरत नाहीत. २५०.१०२(सी)(२) प्रमाणे ३/० ला ४ कॉपर पुरतं. ग्राउंडिंग इलेक्ट्रोडच्या कंडक्टरला (अर्थिंगकडे जाणाऱ्या वायरला) मात्र बेरीज लागते. ३/० म्हणजे १६७.८ केसीमिल, दोन मिळून ३३५.६, टेबल २५०.६६ मधून २ एडब्ल्यूजी कॉपर. फक्त जमिनीत ठोकलेल्या रॉडकडे जाणाऱ्या भागाला ६ पेक्षा मोठं लागत नाही.

फेज_न्यूट्रल: वायर ओढण्याआधी न्यूट्रल बारच्या लगवर छापलेली रेंज बघा, १/० बसते ना. एका भोकात एकच वायर. दोन्ही न्यूट्रल सारख्याच लांबीचे, एकाच धातूचे आणि एकाच इन्सुलेशनचे कापा. पॅनलमध्ये एकाला उरलेला वेटोळा तसाच ठेवू नका, तेवढा काढून टाका. काळी वायर वापरलीत तर दोन्ही टोकांना पांढरा टेप पूर्ण गोल गुंडाळा, नुसती पट्टी नको.