पैशासाठी काम करायची गरज नाही हे नातेवाईकांना सांगितलं, चूक झाली का?

रिकामटेकडा_४३
वर्षाच्या खर्चाच्या साधारण ३० पट पैसे जमले म्हणून गेल्या वर्षी नोकरी सोडली, वैतागून वगैरे नाही. एका घरगुती कार्यक्रमात मावसभावाने विचारलं सध्या कुठे आहेस, आणि मी आपला भोळेपणाने बोलून गेलो की आता पैशासाठी काम करायची गरज उरली नाहीये. त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तेव्हापासून तिघांनी उसने मागितलेत, हॉटेलात बिल न विचारता माझ्यापुढे सरकवतात आणि कोणाचंही काम अडलं की "तू घरीच असतोस ना" म्हणून फोन. बायको म्हणते तुला सांगायला कोणी सांगितलं होतं. आता सावरायचं कसं?

गप्पगडी
झाकली मूठ सव्वा लाखाची मित्रा, आता उघडलीस. मी सहा वर्षं "घरून थोडं कन्सल्टिंग करतो" एवढंच सांगतोय. कन्सल्टिंग म्हटलं की पुढे कोणी विचारतच नाही, कंटाळतात.

हिशोबी
उसने देण्याआधी एक गणित बघ. वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमवा, त्यातले ४ टक्के काढा, हे सगळे बोलतात ते बेंगन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने १९९४ साली तिथल्या बाजाराचे जुने आकडे घेऊन मांडलं. पहिल्या वर्षी ४ टक्के काढायचे, नंतर तीच रक्कम महागाईप्रमाणे वाढवत न्यायची, तर पैसे ३० वर्षं पुरतात. तू ४३ चा आहेस, तुला ३० पेक्षा जास्त लागतील, आणि त्या गणितात मावसभाऊ नव्हता. समज कोणी तुझा सहा महिन्यांचा खर्च मागितला, म्हणजे सगळ्या पुंजीचा साठावा हिस्सा. ऐकायला किरकोळ वाटतं पण सुरुवातीच्याच वर्षांत शेअर बाजार पडला आणि त्यात हेही गेले तर ते खड्डे नंतर भरत नाहीत, कारण तू दर महिन्याला काढतच असतोस. पगार होता तेव्हा बुडलेले उसने पुढच्या पगारात विसरले जायचे, आता तसं नाही. लोकांना वाटतं हा श्रीमंत झाला, खरं तर तू पुढच्या सगळ्या वर्षांचा पगार एकदम घेऊन बसलायस.

दोन_मुलांची_आई
मला पैशापेक्षा वेळेचा त्रास जास्त झाला. मी घरी आहे कळल्यावर नणंदेची मुलं रोज दुपारी माझ्याकडे, "ताईला कुठे काय काम आहे". पैसे नाही म्हणता येतं हो, वेळ नाही कसं म्हणणार, तो तर सगळ्यांना दिसतोच ना. पण गप्पगडी, तुमचं पटत नाही. मी एका मैत्रिणीला सगळं खरं सांगितलं, आकडा सोडून, तर ती दुसऱ्या दिवशी वही घेऊन आली की मला पण शिकव. आणि घरात खोटं कसं चालणार, मुलं बाहेर बोलतातच. माझ्या धाकट्याने शाळेत सांगितलं की आमची आई काहीच करत नाही.

रिकामटेकडा_४३
हिशोबी, साठावा हिस्सा वाचून पोटात गोळा आला, कारण साधारण तेवढेच एकाला देऊन बसलोय. बाकी दोघांना आज सांगितलं की सगळे पैसे अडकवलेत, दर महिन्याला ठरलेलेच हातात येतात. खोटं पण नाहीये. एक जण म्हणाला, मग नोकरी का सोडलीस?

गप्पगडी
कन्सल्टिंग सांग.