बेलेकच्या ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टात आळसाचा एक दिवस कसा बसवावा?

निवांतपणा
जुलैच्या मध्यात तुर्कस्तानात अंताल्याजवळ बेलेकला मुक्काम आहे. सोबत सहा वर्षांची मुलगी आणि पूर्ण शाकाहारी सासूबाई. मधला एक दिवस फिरणं, बस, अवशेष सगळं बंद. फक्त किनारा, पोहण्याचा तलाव, जेवण आणि झोप. समुद्रात कधी उतरायचं, सासूबाईंनी बफेत काय घ्यायचं आणि सगळं पॅकेजात असल्याचा पट्टा मनगटावर असूनही बिल कशाकशाचं लागतं?

खारेवारे
आधी घड्याळ डोक्यातून काढा. तुर्कस्तान २०१६ पासून बाराही महिने यूटीसी+३ वर (जागतिक प्रमाणवेळेच्या तीन तास पुढे) आहे, त्यामुळे तिथे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, एक वाजता. म्हणजे उन्हाचा खरा तडाखा ११ ते ४. "चला, तीन वाजले, ऊन उतरलं" असं वाटून बाहेर पडणारेच जास्त भाजतात.

समुद्र सकाळी, ८ ते साडेदहा. तेव्हा पाणी शांत असतं. जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारनंतर लाटा अगदी काठाशी फुटू लागतात. लहान मुलं पडतात ती तिथेच, खोल पाण्यात नव्हे. काठाशी बऱ्याच ठिकाणी बारीक गोट्यांचा पट्टा असतो, म्हणून रबरी तळव्याचे पाण्यातले बूट घ्या. दुपारी वाळूवरून चालायलाही तेच कामी येतात. पिवळा झेंडा असेल तर मुलीला गुडघाभर पाण्यापलीकडे सोडू नका, लाल असेल तर कुणीच नको.

छत्रीखालची जागाही विचार करून धरा. किनाऱ्याचं तोंड साधारण दक्षिणेला आहे. सकाळी नऊला सूर्य बरोबर पूर्वेला असतो, त्यामुळे दोन मीटर उंच छत्रीची सावली अडीच मीटरहून लांब, समुद्राकडे तोंड केलंत तर तुमच्या उजव्या हाताला पडते. पाच वाजता तितकीच डावीकडे. एक वाजता मात्र ती जेमतेम अर्धा मीटर सरकलेली असते. थोडक्यात, सकाळी छत्रीच्या डावीकडची खाट घेतलीत तर तुमची सावली शेजाऱ्याला आणि ऊन तुम्हाला. पहाटे टॉवेल टाकून खाट अडवायची आणि गायब व्हायचं हे करू नका, बऱ्याच हॉटेलांत कर्मचारी टॉवेल उचलून नेतात.

तिळगूळवडी
खाण्याचं मी सांगते, कारण "इथे मांस दिसत नाही" एवढ्यावर विसंबून चालत नाही. मसुराचं सूप, मेर्जिमेक चोर्बासी, दिसायला शुद्ध शाकाहारी, पण पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असतं. पिलावाचा भात तसाच, त्यात कोंबडीचं पाणी असू शकतं. पाटीवर नसतं, म्हणून आचाऱ्यालाच विचारा: "एत सुयू वार मी? तावुक सुयू वार मी?" म्हणजे मांसाचं किंवा कोंबडीचं पाणी आहे का.

सगळ्यात भरवशाचा कोपरा म्हणजे गार भाज्यांचा. ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढतात त्या झेतिनयाली भाज्या: फरसबी, राजम्याच्या जातीची बार्बुन्या, आर्टिचोक. द्राक्षाच्या पानांची सार्मा गार आणि लिंबासोबत असेल तर बहुधा नुसत्या भाताची. गरम आणि वर दही असेल तर आत खिमा समजा. वांग्यातही तोच घोळ. इमाम बायिल्दीत कांदा-टोमॅटो, तर जवळजवळ तशाच दिसणाऱ्या कार्नियारिकमध्ये खिमा. दुपारी किनाऱ्याजवळ गोझलेमे, म्हणजे सारण भरलेली पातळ पोळी, लाटून तव्यावर देत असतील तर पालक-चीज किंवा बटाट्याची सांगा, पोट त्यावरच भरेल. मात्र खिम्याचीही त्याच तव्यावर भाजतात. चालत नसेल तर तवा पुसून घ्यायला सांगा.

गोडात जेली आणि मूस टाळा, त्यात प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं. पारंपरिक लोकुम, म्हणजे तुर्की वड्या, स्टार्च आणि साखरेचा, तो चालेल. अंडंही वर्ज्य असेल तर केकच्या टेबलाकडे फिरकूच नका.

आणि हो, जेवायला दालन उघडल्या उघडल्या जा. शेवटच्या अर्ध्या तासात कोमट झालेले पदार्थ आणि मेयोनीजची सॅलड पोट बिघडवतात. गरम ते वाफाळतं हवं, गार ते खरंच गार.

मळभ
सनस्क्रीनचा हिशोब कुणी करत नाही. मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगाला एका वेळी ३० ते ३५ मिली लागतं. म्हणजे २०० मिलीची बाटली जेमतेम सहा वेळा. बाटलीवरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा, आकडा दर चौरस सेंटीमीटरला २ मिलीग्रॅम थर धरून काढलेला असतो. पातळ लावलंत तर ५० लिहिलेलं असूनही ५० मिळत नाही. उन्हात जाण्याआधी १५-२० मिनिटं, मग दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. पावलांची वरची बाजू, कान आणि केसांचा भांग हमखास राहतात. मुलीला लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला, निम्मं काम तिथेच होतं.

पाण्याच्या जोडीला आयरान घ्या. आपल्या ताकासारखंच, मिठाचं. फुकट बिअर उन्हात चढते लवकर आणि तहान भागवत नाही.

निवांतपणा
भारी! रात्री वाळूत बॅटरी घेऊन फिरलं तर चालेल ना?

खारेवारे
नको. बेलेकचा किनारा कारेटा कारेटा कासवांचा अंडी घालण्याचा आहे, आणि जुलै म्हणजे ऐन हंगाम. माद्या रात्री वर येतात, उजेड आणि हालचाल दिसली तर अंडी न घालताच परततात. पिल्लं ४५ ते ६० दिवसांत बाहेर पडतात आणि उजेडाकडे सरपटतात. ती समुद्राऐवजी हॉटेलकडे वळली तर संपलंच. वाळूत जाळीचे पिंजरे दिसतील, ती घरटी. मुलीला लांबून दाखवा. तिने खणलेला खड्डा संध्याकाळी बुजवायला लावा, पिल्लू त्यात पडलं तर चढून येत नाही.

पट्टाधारी
बिलाचं राहिलं. मसाज, हमाममधलं (तुर्की स्नानगृहातलं) अंग घासणं आणि फेसाचा लेप, मोटरवरचे पाण्यातले खेळ, किनाऱ्यावरचा पडद्यांचा मंडप, डॉक्टर, आणि बऱ्याच ठिकाणी ताजा संत्र्याचा रस: हे सहसा वेगळं. हमाम आणि सौनात नुसतं बसणं बहुधा फुकट. वेगळ्या आ ला कार्ट (मेनूतून मागवायच्या) उपाहारगृहाला आधी नोंदणी लागते, काही ठिकाणी मुक्कामात एकदाच मोफत, म्हणून पहिल्याच दिवशी वेळ धरा. साध्या पॅकेजात स्थानिक पेयं आणि रात्री ठरावीक वेळेनंतर बार बंद. "अल्ट्रा" ऑल-इन्क्लुझिव्हमध्ये परदेशी पेयं आणि बार उशिरापर्यंत. पण अल्ट्राची व्याख्या प्रत्येक हॉटेलची वेगळी, तेव्हा पॅकेजात काय काय येतं ते सांगणारा खोलीतला कागद वाचा. घसरगुंड्यांच्या वेळा आणि उंचीची अटही तिथेच असते. टॉवेलचं कार्ड हरवलंत तर त्याचे पैसे लागतात, ते मात्र कागदावर सगळ्यात बारीक अक्षरात असतं.