अनुभव धागा: पाठीवरून नेता येईल असा घरच्यांचा तंबू

धागाकर्ती

दिवाळी सरली की गडवाटा सुकतात, रात्री गार होतात आणि मुक्कामाचे बेत ठरायला लागतात. आपल्याकडे मुक्कामी ट्रेकला तंबू फारसा लागायचाच नाही. देवळाचा सभामंडप, टाक्याशेजारची गुहा, पायथ्याच्या गावातल्या शाळेची ओसरी, एवढ्यावर भागायचं. आता शनिवारी रात्री त्या गुहेत पाय ठेवायला जागा नसते आणि आपल्याबरोबर सहा वर्षांचं मूल असतं. दुकानात जावं तर एकीकडे दोघांपुरते हलके टेंट, दुसरीकडे आत उभं राहता येईल असे ८-१० किलोंचे, गाडीच्या डिकीतून न्यायचे. चौघांचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन दोन-तीन तास चढणाऱ्यांनी काय घ्यायचं?

ज्यांनी मुलांबरोबर असे मुक्काम केलेत त्यांनी इथे लिहा. कंपनीच्या नावापेक्षा हे सांगा: आतली लांबी-रुंदी किती, खुंट्या-दोऱ्या-पिशवी धरून काट्यावर वजन किती भरलं, वाऱ्यात कसा टिकला, आणि तो उचलला कोणी.

माझं मत आधीच मांडते. घरच्यांच्या तंबूचं वजन झोपणाऱ्यांत नाही, उचलणाऱ्यांत वाटायचं. ४ किलोंचा चौघांचा टेंट म्हणजे माणशी १ किलो, हा हिशेब मित्रमंडळींचा. मुलं पाच आणि आठ वर्षांची असतील तर ते माणशी २ किलो होतात. शिवाय मुलांच्या स्लीपिंग बॅगा, जास्तीचं पाणी आणि शेवटच्या चढाला धाकट्याची सॅकही आपल्याच पाठीवर येते. मुलाला त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त ओझं देऊ नये असं मी धरते. २० किलोच्या मुलाला २ किलो, म्हणजे त्याची बाटली, जर्किन आणि खाऊ. तंबू त्यात कुठेच बसत नाही.

चाफेकळी, डोंबिवली

तंबूवर लिहिलेला "४" हा आकडा कसा काढतात ते आधी समजून घ्या. झोपायच्या चार मॅट एकमेकींना चिकटून मावल्या की चौघांचा. मॅटची रुंदी साधारण ५०-६० सेंमी. त्यात सॅक, बूट, कूस बदलणं काही धरलेलं नसतं.

आम्ही खरेदीआधी हॉलच्या फरशीवर खडूने चौकोन आखला, २४० बाय २१० सेंमीचा, आणि चौघं त्यात आडवे झालो. दोन्ही मुली मधे, आम्ही कडेला. रुंदी पुरली. लांबीत मात्र नवऱ्याचे पाय रेषेला टेकले. तो ५ फूट १० इंच आहे. फरशीवर रेषेला टेकणारा पाय तंबूत उतरत्या भिंतीला टेकतो, आणि पहाटे त्या भिंतीला दव असतं, म्हणजे स्लीपिंग बॅगचं टोक ओलं. म्हणून उंच माणसाने आपल्या उंचीपेक्षा बरीच जास्त लांबी बघावी. आम्ही २३० लांबीचा घेतला. वजन ३.४ किलो, पोल अॅल्युमिनियमचे. सॅक बाहेर, आऊटरच्या (पाऊस अडवणाऱ्या बाहेरच्या थराच्या) पुढे आलेल्या पडवीत राहतात. ती पडवी नसलेला टेंट मुलांबरोबर घेऊच नका. चिखलाचे बूट कुठे ठेवणार?

कारवी, नाशिक

हरिश्चंद्रगडाचा अनुभव सविस्तर लिहितो, कारण कोकणकड्यावर तंबू लावायची हौस सगळ्यांना असते.

कड्यावर वारा नुसता समोरून येत नाही. कोकणातून आलेली हवा उभ्या कातळाला धडकून वर उसळते आणि काठावरून आत वळते. आमचा फायबर ग्लासच्या पोलांचा टेंट मध्यरात्री एका झोताने दाबला गेला आणि पोल मधोमध तडकला. फायबर ग्लास वाकत नाही, उभा चिरतो. त्याची कुसळं हातात शिरली आणि आऊटरलाही भोक पडलं. शेजारच्या गटाचा अॅल्युमिनियमचा पोल त्याच वाऱ्यात वाकला, पण सकाळपर्यंत उभा होता. सरळ करता येतो, नाहीतर बोटभर लांबीची नळी त्यावर सरकवून दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळली की काम चालतं. ही नळी बहुतेक चांगल्या टेंटबरोबर येते. ती पिशवीतून काढून घरी ठेवू नका. फायबर ग्लास स्वस्त आणि जड. पैसे वाढवायचेच तर पोलांवर वाढवा, हे माझं ठाम मत.

दुसरं खुंट्यांचं. आपल्या गडांवर वीतभर मातीखाली काळा बसाल्ट लागतो. खुंटी दोन बोटं जाते आणि वाकते. त्यामुळे खुंट्यांशिवाय स्वतःच्या पोलांवर उभा राहणारा घुमटाकार टेंटच घ्यावा. दोऱ्यांसाठी उपाय असा: दोरीचं टोक खुंटीच्या किंवा काटकीच्या मधोमध बांधायचं, ती जमिनीवर आडवी ठेवायची, तंबूच्या बाजूने तिला अडवून एक मोठा दगड आणि त्यावर दुसरा. दगडालाच दोरी गुंडाळली तर कातळाच्या धारेवर घासून रात्रीत तुटते. आणि हे दगड गडाच्या तटाचे, जोत्याचे नकोत, सुटे पडलेले बघा.

आता आम्ही सूर्यास्त कड्यावर बघतो आणि झोपायला मागे, हरिश्चंद्रेश्वराच्या बाजूला आडोशाला येतो.

वाटसरू, सांगली

छोटीशी पण महत्त्वाची गोष्ट. उभा केलेला रिकामा टेंट क्षणभरही सोडू नका. आधी चार कोपऱ्यांत चार सॅक, मग बाकीची कामं. हलका टेंट वाऱ्याने उचलला तर दरीतच सापडतो.

पन्हाळवारा, कोल्हापूर

मी एका मोठ्या टेंटच्या विरोधात आहे. आमच्याकडे दोघांचे दोन आहेत, प्रत्येकी २ किलोच्या आत. बायको आणि मुलगी एकात, मी आणि मुलगा दुसऱ्यात. गडावर २४० बाय २३०ची सपाट, दगड नसलेली जागा मिळणं अवघड असतं. छोट्या दोन जागा चटकन मिळतात. छोटा टेंट बुटका असल्याने वाऱ्याला कमी अडतो. एकाचं काही बिघडलं तर दुसरा असतो. मुलं मोठी झाली की हेच दोन टेंट वेगवेगळ्या ट्रेकला जातात. चौघांचा मात्र पुढे माळ्यावर पडून राहतो.

चाफेकळी, डोंबिवली

@पन्हाळवारा, मुद्दे पटले, पण मुलांचं वय बघा. आमची धाकटी चार वर्षांची असताना तिला रात्री आई आणि बाबा दोघं हाताला लागायला हवे असायचे. पावसात अडकलं की सगळ्यांनी एकत्र बसून पत्ते खेळायला एकच छप्पर लागतं. मला वाटतं दहा वर्षांपर्यंत एक मोठा, त्यानंतर तुमचे दोन.

धागाकर्ती

माझंही जवळपास हेच म्हणणं आहे. वजनात मात्र पन्हाळवारा यांचा मुद्दा वाटतो तेवढा भक्कम नाही. दोन टेंट मिळून ४ किलोच्या आसपास जातात, आणि चौघांचा चांगला हलका टेंट अडीच-तीन किलोतही मिळतो. फक्त त्याची किंमत बरीच चढी असते. फरक वाटणीत आहे. एक टेंटही दोघांत वाटता येतो: एकाकडे आऊटर आणि इनर (आतला, झोपायचा थर), दुसऱ्याकडे पोल, खुंट्या आणि तळाखाली अंथरायचं कापड. दुकानातल्या पिशवीतच तो न्यायला पाहिजे असं नाही. कापड सॅकमध्ये मोकळं कोंबलं तर फटी भरतात, पोल बाजूच्या पट्ट्यात उभे. झटक्यात उघडणारे, गोल चकतीसारखे मिटणारे टेंट याच कारणाने बाद. वजन चालेलही, पण ती चकती सॅकला बांधून झाडीतल्या वाटेने जाता येत नाही.

कातळसडा, रत्नागिरी

किनाऱ्यावरचं वेगळं असतं. पुळणीत साध्या खुंट्या टिकत नाहीत. रिकाम्या पिशव्यांत वाळू भरायची, दोरी बांधायची आणि हातभर खोल पुरायच्या. ती पकड सुटत नाही. वर जांभ्याच्या सड्यावर मात्र खुंटी अजिबातच जात नाही, तिथे कारवी यांची दगडाची युक्ती. भरतीची रेषा बघून तिच्या बऱ्याच वर तंबू लावा. वाळलेला शेवाळ-काडीकचऱ्याचा पट्टा दिसतो तिथपर्यंत पाणी येतं.

आमच्या दमट हवेत उष्म्याचा त्रास जास्त, म्हणून इनरचा वरचा अर्धा भाग जाळीचा हवा. वाळू चेनच्या दातांत बसली की चेन आधी अडते आणि मग उघडी पडते. रोज सकाळी जुन्या टूथब्रशने झाडावी.

आणि कोकणात पावसाळाभर टेंट घडी घालून पिशवीत ठेवला तर आतला पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा लेप चिकट होतो, उग्र वास येतो आणि पापुद्रे सुटतात. मग तो टेंट गेलाच. दमटपणा आणि उष्णता लागून लेप कुजतो, त्याला दुरुस्ती नाही. जुनी सुती उशीची खोळ घ्यायची, त्यात टेंट सैल भरायचा आणि कपाटात वरच्या खणात ठेवायचा.

जांभूळबन, धुळे (मी ग्रामीण भागात डॉक्टर आहे)

वजनापायी कुणी तळ नसलेला, नुसतं छप्पर असलेला ताडपत्रीचा आडोसा मुलांसाठी सुचवत असेल तर माझा विरोध नोंदवून ठेवा. मण्यार रात्री फिरते आणि तिचे दंश बहुतेक जमिनीवर झोपलेल्या माणसांनाच होतात. दात इतके बारीक की चावल्याचं अनेकदा कळत नाही, सूजही फारशी येत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. झोपेतून उठलेलं मूल असं काही सांगू लागलं तर अॅसिडिटी समजून थांबू नका, प्रतिविष असलेल्या दवाखान्यात ताबडतोब न्या. तळ शिवलेला आणि चेन शेवटपर्यंत बंद होणारा टेंट हा यावरचा सगळ्यात सोपा बचाव आहे. संध्याकाळी टेंट लावल्या क्षणापासून चेन बंद. मुलं आतबाहेर करताना ती उघडी टाकतात, तिथे लक्ष हवं. सकाळी बूट झटकून घाला, विंचू बुटात बसतो.

दुसरं, थंडी आहे म्हणून निखाऱ्यांची शेगडी टेंटमध्ये घेऊ नका, विझत आलेलीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस जागा होत नाही. गॅसचा स्टोव्हही आत पेटवू नये.

दवबिंदू, पुणे

"टेंट गळतो" अशी तक्रार करणाऱ्या अनेकांचा टेंट गळत नसतो. पवना किंवा भंडारदऱ्याच्या पाण्याकाठी डिसेंबरात झोपा, आकाश स्वच्छ असूनही पहाटे आतून पाणी टपकेल. चार माणसांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर जमते. थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या लावल्या की हे वाढतं. वरची हवेची झडप उघडीच ठेवायची आणि थंडीची सोय मॅटवर आणि पांघरुणावर करायची. दोन थरांच्या टेंटमध्ये हे पाणी आऊटरवर जमतं आणि इनरच्या बाहेरून ओघळतं, म्हणून मुलांबरोबर एकथरी टेंट नको. जागा पाण्यापासून थोडी वर आणि लांब घ्यावी, थंड हवा खोलगट भागात साठते.

लेबलावरच्या १५००, ३००० मिमी या आकड्यांबद्दल: तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब कापड सोसतं. आऊटरला १५००-२००० आपल्या हिवाळी-उन्हाळी ट्रेकला पुरेसे आहेत, कारण पाऊस वरून पडून ओघळून जातो. तळाला ३००० तरी हवेत, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की तेवढ्याच ठिकाणी खूप दाब येतो.

हेदर, एडिंबरा

मूळची साताऱ्याची, आता इथे. स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्याने मोकळ्या रानात पायी जाऊन तंबू टाकायची मुभा आहे. लॉक लोमंड तलावाच्या परिसरातल्या काही पट्ट्यांत मात्र मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो. इथला पाऊस थांबायची वाट बघण्यात अर्थ नसतो, त्यामुळे आधी आऊटर उभा राहील किंवा दोन्ही थर एकत्र उभे राहतील असा टेंट लोक घेतात. आधी इनर उभा करायचा असेल तर आऊटर चढेपर्यंत झोपायची जागा भिजलेली असते. तुमच्याकडे अवकाळीत सापडलात तर हाच फरक जाणवेल. विकत घेताना दुकानदाराला नक्की विचारा.

नायलॉन ओलं झालं की सैलावतं, म्हणून झोपण्याआधी दोऱ्या पुन्हा ताणायच्या. पॉलिस्टर तेवढं सैल पडत नाही. आणि जाळी खूप बारीक हवी. इथले मिज नावाचे चावरे किडे डासांहून कितीतरी लहान असतात, साध्या जाळीतून आत येतात आणि मुलं रात्रभर खाजवत बसतात.

रेडवुड, बे एरिया (कॅलिफोर्निया)

आमच्याकडे अस्वलं. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात खाणं टेंटमध्ये ठेवायला मनाई आहे. कॅम्पग्राउंडवर लोखंडी पेट्या असतात, आत रानात जायचं तर अस्वलाला न उघडणारा डबा जवळ लागतोच. टूथपेस्टही त्यातच जाते. तो डबा साधारण किलोभर असतो, त्यामुळे टेंटच्या वजनाचा हिशेब करताना तोही धरा.

धागाकर्ती

परवानगीचं कुणी लिहिलं नाही म्हणून मीच लिहिते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, अनेक गड संरक्षित स्मारकं आहेत. कुठे मुक्काम चालतो, कुठे नाही, हे निघण्याआधी वनखात्याच्या चौकीवर किंवा पायथ्याच्या गावात विचारा. हिमालयात मुलांना नेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली बुग्यालांवर (उंचावरच्या गवताळ कुरणांवर) रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली.

नवखा, ठाणे

सगळं वाचलं. मुलगा सात वर्षांचा, आम्ही तिघं. पहिल्यांदाच घेणार आहोत. चौघांचा घ्यावा की तिघांचा?

चाफेकळी, डोंबिवली

तिघांना तिघांचा पुरतो, पण तो मुलगा चार वर्षांत तुमच्या खांद्याला लागेल. मी चौघांचा घेईन, वजन साडेतीनच्या आत असेल तर. आधी भाड्याने घेऊन एक मुक्काम करा. भाड्याचा टेंट ताब्यात घेताना दुकानातच उभा करून बघा: पोल, चेन, आणि तळाला उजेडात धरून भोकं. घेतल्यावर घरच्या गच्चीवर अंधारात, टॉर्चच्या उजेडात एकदा लावून बघा. गडावर पोचेपर्यंत बहुतेक वेळा अंधारच झालेला असतो.

कारवी, नाशिक

आणि दुकानात जाताना सामानाचा स्प्रिंगकाटा बरोबर न्या. लेबलवर बऱ्याचदा फक्त आऊटर, इनर आणि पोल यांचं वजन असतं. खुंट्या, दोऱ्या, पिशवी आणि खालचं कापड धरून अर्धा किलो सहज वाढतो.