शब्दचर्चा: 'कर्मे', 'क्रिया', 'सत्कृत्ये' आणि 'नीतिमान ठरणे'

टाक:
प्रचलित मराठी बायबलात रोमकरांस पत्र ३:२८ मध्ये माणूस 'कर्मांवाचून' विश्वासाने नीतिमान ठरतो, आणि याकोब २:२४ मध्ये तो केवळ विश्वासाने नव्हे तर 'क्रियांनी' नीतिमान ठरतो. कर्मे आणि क्रिया हे मुळातही दोन वेगळे शब्द आहेत का? तसे असेल तर पहिल्या पत्राचा लेखक पौल आणि दुसऱ्याचा लेखक याकोब यांच्यात विरोधच उरत नाही.

पैलतीर:
मुळात दोन्हीकडे एकच ग्रीक शब्द आहे, 'एर्गोन'. इफिसकरांस पत्रातही तोच: २:९ मध्ये मराठीत 'कर्मे', लगेच २:१० मध्ये 'सत्कृत्ये', कारण तिथे 'चांगली' हे विशेषण जोडले आहे. तीन मराठी शब्दांमुळे वाचकाला वाद मिटल्यासारखा वाटतो, पण तो मिटवला आहे भाषांतराने.

फरक शोधायचा तर विशेषणात शोधा. पौल रोमकरांस ३:२८ मध्ये 'नियमशास्त्रातील', म्हणजे मोशेच्या यहुदी धर्मनियमांतील, कर्मे म्हणतो. गलतीकरांस पत्रात भांडणच यावरून आहे की यहुदी नसलेल्यांनी सुंता करून घ्यावी का. याकोबापुढे मात्र उघडा, उपाशी भाऊ आहे, आणि 'ऊब घे, तृप्त हो' म्हणून त्याला रिकाम्या हाती वाटेला लावणारा माणूस. तरीही पौलाची कर्मे म्हणजे फक्त सुंता आणि शब्बाथ (यहुद्यांचा साप्ताहिक विसाव्याचा दिवस), असे म्हणून थांबता येत नाही. रोमकरांस ४:४ मध्ये तो कामाची मजुरी आणि कृपेचे दान यांची तुलना करतो. तिथे कुठलेही काम आले.

ओळंबा:
दोघे एकाच वचनावर उभे आहेत, हेही पाहा. उत्पत्ती १५:६: अब्राहामाने विश्वास ठेवला आणि ते त्याच्याकडे नीतिमत्त्व असे गणले गेले. पौल क्रमाकडे बोट दाखवतो: हे अध्याय १५ मध्ये, सुंता अध्याय १७ मध्ये, म्हणजे नंतर. याकोब अध्याय २२ मधले इसहाकाचे अर्पण घेतो आणि म्हणतो, तेव्हा तो विश्वास पूर्ण झाला. 'विश्वास' या शब्दाचाही पल्ला दोघांकडे सारखा नाही. देव एकच आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात, असे याकोब २:१९ मध्ये आहे. तिथे विश्वास म्हणजे नुसते मान्य करणे. पौलाला हवा असलेला विश्वास गलतीकरांस ५:६ मध्ये सापडतो, प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा.

टाक:
मग 'ठरतो' हे क्रियापद बरोबर आहे का?

पैलतीर:
खरी मेख तिथेच आहे. ग्रीक 'दिकाइऊन' न्यायालयातल्या वापराचा, निर्दोष ठरवणे. लॅटिनमध्ये त्याचे 'युस्तिफिकारे' झाले, ज्यात 'करणे' आहे. प्रोटेस्टंट विचारात देव माणसाला नीतिमान ठरवतो. कॅथलिक चर्चच्या त्रेंत येथील परिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी मांडले की यात पापक्षमेबरोबर अंतःकरणाचे नवीकरणही येते, म्हणजे देव नीतिमान करतोही. मराठी 'ठरतो' पहिल्या बाजूला झुकलेला आहे. चूक नाही, पण निःपक्षही नाही. त्याच परिषदेचा पहिलाच नियम कृपेवाचून, स्वतःच्या कृत्यांनी नीतिमान होता येते या मताचा धिक्कार करतो. तेव्हा 'कॅथलिक म्हणजे कर्माने तारण' हे वाक्य लिहूच नये.

ओळंबा:
'केवळ'बद्दल. प्रोटेस्टंट सुधारणेचा जर्मन प्रवर्तक ल्यूथर याने १५२२ च्या जर्मन नव्या करारात रोमकरांस ३:२८ मध्ये 'केवळ' घातला. ग्रीकमध्ये तो तिथे नाही. १५३० मध्ये त्याने बाजू मांडली, की एक नाकारून दुसरे सांगताना जर्मन माणूस असेच बोलतो. मराठीत हे काम एकटा 'च' करतो, म्हणून तो फार जपून लावायला हवा. इफिसकरांस २:८ च्या मराठीत 'कृपेनेच' आहे, रोमकरांस ३:२८ मध्ये मात्र 'विश्वासाने', 'च' नाही. भाषांतरकाराने तिथे हात आवरला, हे मला मोलाचे वाटते. 'केवळ विश्वासाने' हे शब्द नव्या करारात खरोखर एकत्र येतात ते याकोब २:२४ मध्ये, तेही नकारासह.

टाक:
लेखात कोणते शब्द वापरू?

पैलतीर:
वाद समजावताना सगळीकडे 'कृत्ये' ठेवा, म्हणजे शब्द एकच आहे हे दिसेल. उतारा देताना मात्र छापील शब्द बदलू नका. 'कर्म' एकटे वापरले की वाचकाच्या मनात कर्मफळ आणि 'कर्म माझं!' दोन्ही येतात, आणि पौलाला त्यातले काहीच म्हणायचे नाही.

ओळंबा:
'श्रद्धा' मराठी कॅथलिक लिखाणात रुळलेला आहे, प्रोटेस्टंटांत 'विश्वास'. दोन्ही चालतील, पण एका लेखात एकच. 'विश्वासू' म्हणजे भरवशाचा. 'विश्वास ठेवणारा' या अर्थी तो नको. गोव्याच्या कोंकणी ख्रिस्ती प्रार्थनांत याच अर्थी 'भावार्थ' येतो; मराठी वाचक तो 'सारांश' असा वाचेल, तेव्हा उद्धृत केलात तर तिथेच अर्थ द्या. आणि नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवरील १९९९ च्या ऑग्सबर्ग संयुक्त घोषणेबद्दल लिहिताना 'वाद संपला' म्हणू नका. लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी मूलभूत सत्यांवर सहमती नोंदवली, २००६ मध्ये मेथडिस्टही सामील झाले. उरलेले फरक त्यात मोकळेपणाने लिहिलेले आहेत.